झोपेच्या गोळ्या मेंदूत काय करतात आणि शरीर त्यांचं काय करतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधशास्त्र शिकवायला लागल्यापासून मला सर्वांत जास्त प्रश्न आले ते झोपेच्या गोळ्यांबद्दल. विद्यार्थी विचारतात, घरात कुणाला गोळी सुरू झाली की नातेवाईक विचारतात. बहुतेकांचा घोळ एकाच जागी होतो. गोळी किती वेळात चढते, गुंगी किती वेळ राहते आणि औषध अंगात किती दिवस उरतं, ही तीन वेगळी घड्याळं आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. खालची बरीच उत्तरं या तीन घड्याळांभोवतीच फिरतात.

ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. चालू असलेली गोळी स्वतःहून वाढवू, कमी करू किंवा बंद करू नका (कारण प्रश्न १८ मध्ये). गोळी घेतलेलं माणूस हाका मारून, हलवूनही जागं होत नसेल किंवा त्याचा श्वास मंद पडला असेल, तर वाचत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

१. शामक औषध वेगळं आणि निद्राकारक वेगळं का? दोन्ही झोपेच्याच गोळ्या ना?

बहुतेक वेळा फरक औषधात नसून डोसात असतो. थोड्या डोसात अस्वस्थता शमते, माणूस शांत होतो. डोस वाढवला की झोप लागते. आणखी वाढवला तर काही औषधांनी भूल चढते, त्यापुढे बेशुद्धी, आणि शेवटी श्वास थांबतो. म्हणून दोन्ही नावं जोडून ‘शामक-निद्राकारक’ असा एकच गट करतात. जुनी औषधं ही उतरंड शेवटपर्यंत उतरतात, नवी मध्येच थबकतात. ती का थबकतात ते प्रश्न ३ मध्ये आहे.

२. ‘गाबा’ हा शब्द सगळीकडे वाचायला मिळतो. तो आहे तरी काय?

गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्लाचं हे छोटं नाव. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप देतात. ‘पेटून ऊठ’ असा निरोप मुख्यतः ग्लुटामेट देतं आणि ‘थांब’ हा निरोप मुख्यतः गाबा. गंमत म्हणजे गाबा तयार होतं ते ग्लुटामेटपासूनच, एका एन्झाइमच्या एका फटक्यात.

गाबाचा निरोप घेणारा एक रिसेप्टर, गाबा-ए, पेशीच्या आवरणात बसलेला असतो. पाच प्रथिनं गोल उभी राहून मधे एक नळी सोडतात, अशी त्याची रचना. गाबा येऊन चिकटला की नळी उघडते, क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात, आणि त्या पेशीला पेटवणं काही क्षण अवघड होतं. मेंदूभर असं घडलं की आपण सुस्तावतो.

३. म्हणजे झोपेची गोळी म्हणजे बाहेरून दिलेला गाबाच का?

नाही, आणि हा फरक जीव वाचवणारा आहे. डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही बेंझोडायझेपिनं गाबाच्या जागेवर बसतच नाहीत. गाबा बसतो अल्फा आणि बीटा या प्रथिनांच्या फटीत, तर ही बसतात शेजारच्या, अल्फा आणि गॅमा यांच्यामधल्या फटीत. दाराच्या बिजागरीला तेल घालावं तसं त्यांचं काम. दार हलकं होतं, पण ढकलायला गाबाच लागतो. नळी आता जास्त वेळा उघडते. मेंदूने स्वतः गाबा सोडलाच नाही, तर या औषधाला करण्यासारखं काही उरत नाही.

बार्बिट्युरेट ही जुनी झोपेची औषधं वेगळी. ती आधी नळी जास्त वेळ उघडी धरून ठेवतात, आणि डोस वाढला की गाबा नसतानाही नळी स्वतःच उघडतात. त्यांना थांबवणारं मग काही राहत नाही. एकट्या बेंझोडायझेपिनने श्वास बंद पडणं विरळा, बार्बिट्युरेटने सहज, याचं मूळ या एका फरकात आहे. पण ‘एकट्या’ हा शब्द विसरू नका (प्रश्न १६).

४. मग बार्बिट्युरेट इतकी वर्षं दिली कशी?

दुसरं फारसं काही नव्हतं म्हणून. एमिल फिशर आणि योझेफ फोन मेरिंग यांनी १९०३ मध्ये बार्बिटाल आणलं, ते ‘व्हेरोनल’ नावाने विकलं गेलं. १९१२ मध्ये फेनोबार्बिटाल आलं, आणि फिट्ससाठी ते आजही वापरात आहे. उपयोगी डोस आणि जिवावर बेतणारा डोस यांत अंतर फार थोडं होतं, आणि त्याची किंमत पुष्कळ माणसांनी मोजली.

पुढची कथा मी दर वर्षी वर्गात सांगते. हॉफमन-ला रोश कंपनीत लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने पन्नाशीच्या दशकात काही संयुगं बनवली, ती निरुपयोगी ठरली आणि काम गुंडाळलं गेलं. १९५७ मध्ये प्रयोगशाळा आवरताना सहकाऱ्याला त्यातलं एक, तपासणीला न पाठवलेलं, स्फटिकरूपात पडलेलं दिसलं. टाकण्याआधी एकदा तपासू म्हणून ते पाठवलं. तेच क्लोरडायझेपॉक्साइड. १९६० मध्ये ते ‘लिब्रियम’ म्हणून बाजारात आलं, १९६३ मध्ये मागोमाग डायझेपाम, म्हणजे ‘व्हॅलियम’. औषध मेंदूत नेमकं कुठे बसतं हे सापडलं ते मात्र १९७७ मध्ये. म्हणजे सतरा वर्षं लोक ते औषध घेत होते आणि ते कुठे चिकटतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

५. एकच गोळी चिंता घालवते, झोप आणते, फिट्स थांबवते, वर विसरायलाही लावते. हे कसं?

रिसेप्टर सगळीकडे सारखा नसतो. त्यातल्या अल्फा प्रथिनाचे सहा प्रकार आहेत, आणि मेंदूच्या भागांत ते वेगवेगळे वाटलेले आहेत. अल्फा-१ असलेले रिसेप्टर गुंगी आणि विस्मरणाशी जोडलेले, अल्फा-२ आणि अल्फा-३ चिंता आणि स्नायूंच्या ताणाशी. अल्फा-५ हिप्पोकॅम्पसमध्ये जास्त, तिथे शिकणं आणि लक्षात ठेवणं चालतं. अल्फा-४ आणि अल्फा-६ असलेल्यांवर डायझेपामचा प्रभावच पडत नाही. साधी बेंझोडायझेपिनं अल्फा-१, २, ३ आणि ५ या चौघांत निवड करत नाहीत, म्हणून परिणामांचं गाठोडं एकत्रच मिळतं.

विस्मरण म्हणजे काय, ते मी माझ्या भावाच्या एंडोस्कोपीच्या वेळी अगदी जवळून पाहिलं. त्याला शिरेतून मिडाझोलाम दिलं होतं. नळी काढली, तो डोळे उघडे ठेवून माझ्याशी बोलला, घोटभर पाणी प्यायला, आणि मग म्हणाला, “कधी सुरू करणार आहेत?” मी म्हटलं, झालं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही चेहऱ्यावर पहिल्यांदाच विचारत असल्याचा भाव. तो जागा होता, उत्तरं देत होता, फक्त काहीही साठवलं जात नव्हतं. औषधाच्या आधीच्या आठवणी पुसल्या जात नाहीत, औषध चालू असतानाच्या तयार होत नाहीत.

६. मला झोल्पिडेम दिलं आहे. ते ‘बेंझो’ नाही, म्हणून निर्धास्त राहू का?

रासायनिक घडण वेगळी आहे, पण बसायची जागा तीच. झोल्पिडेम अल्फा-१ कडे जास्त झुकतं, म्हणून झोप आणतं आणि चिंता किंवा फिट्ससाठी फारसं कामाचं नाही. झोपिक्लोन, एसझोपिक्लोन, झालेप्लॉन ही त्याच्या जवळची मंडळी. सवय यांचीही लागते.

एक धोका मात्र यांच्याबाबतीत ठळकपणे समोर आला. माणूस अर्धवट झोपेत उठून चालतो, स्वयंपाक करतो, गाडीसुद्धा चालवतो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये याबद्दल सर्वांत कडक प्रकारचा इशारा छापायला लावला. असं एकदा जरी घडलं, तरी ती गोळी पुन्हा घ्यायची नाही आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं. झोपिक्लोनने तोंड कडू होतं, तो बिघाड नव्हे. औषध लाळेत उतरतं, म्हणून ती चव.

७. गाबाशी संबंधच नसलेल्या झोपेच्या गोळ्या असतात का?

असतात. ओरेक्सिन हे मेंदूचं ‘जागा राहा’ सांगणारं रसायन १९९८ मध्ये सापडलं. त्याचा रिसेप्टर अडवणारं सुवोरेक्सांट २०१४ मध्ये मंजूर झालं, पुढे लेम्बोरेक्सांट आणि डॅरिडोरेक्सांट आली. ही झोप ढकलून आणत नाहीत, जागेपणाचा आधार काढून घेतात. रॅमेल्टिऑन हे मेलाटोनिनच्या, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणाऱ्या संप्रेरकाच्या, रिसेप्टरवर चालतं. सर्दीच्या जुन्या अँटिहिस्टामिन गोळ्यांनी येणारी पेंग मेंदूतलं हिस्टामिन अडल्यामुळे येते. वयस्करांत त्या गोंधळ, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ यांना निमंत्रण देतात. ‘साधी सर्दीची गोळी’ म्हणून त्या रोज झोपेसाठी घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

८. गोळीने येणारी झोप खरी झोप असते का?

झोप असते, पण विणकाम बदललेलं. बेंझोडायझेपिनांनी झोप लवकर लागते, मधे जाग कमी येते, दुसऱ्या पायरीची झोप वाढते, पण संथ लहरींची गाढ झोप घटते आणि स्वप्नांची झोपही थोडी कमी होते. आठ तास झोपूनही ताजं वाटत नाही अशी तक्रार त्यामुळे खोटी ठरवू नये. गोळी सोडल्यावर काही रात्री स्वप्नांचा पूर येतो, तो दबलेल्या स्वप्नझोपेची भरपाई असतो.

९. गोळी घेतल्यावर चढायला किती वेळ लागतो?

हे पहिलं घड्याळ. ते ठरतं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत किती चटकन शिरता येतं यावर. मेंदूभोवतीची रक्तवाहिन्यांची भिंत चरबीत विरघळणाऱ्या पदार्थांना वाट देते. डायझेपाम तसं असल्यामुळे तोंडाने घेतलं तरी लवकर जाणवतं. ऑक्साझेपाम आतड्यातूनच सावकाश येतं, म्हणून पटकन झोप लागण्यासाठी ते सोयीचं नाही. झोल्पिडेम भरल्या पोटी घेतलं तर उशिरा चढतं. गोळी ‘लागली नाही’ म्हणून दुसरी घेण्याची चूक बहुधा इथेच होते. पहिली अजून वाटेत असते.

१०. अर्धायुष्य म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगा.

रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. झोल्पिडेमचं अर्धायुष्य सुमारे अडीच तास. रात्री दहाला घेतलं तर दुसऱ्या रात्री दहापर्यंत ते साडेनऊ वेळा निम्मं होतं, हजारातला जेमतेम एक भाग उरतो. लोराझेपामचं सुमारे बारा तास धरलं, तर दुसऱ्या रात्री पाव हिस्सा शिल्लक असतो. अल्प्राझोलामचं सरासरी अकरा तास, क्लोनाझेपामचं तीस-चाळीस, डायझेपामचं वीस ते पन्नास, आणि डायझेपामपासून शरीरात बनणाऱ्या नॉरडायझेपामचं शंभर तासांपर्यंत जाऊ शकतं. पाच अर्धायुष्यं उलटली की औषध जवळजवळ गेलं असं मानतात.

हे तिसरं घड्याळ, म्हणजे औषध अंगात किती वेळ उरतं ते. गुंगी किती वेळ राहील हे त्यावरून थेट ठरत नाही. पुढचा प्रश्न त्यासाठीच.

११. डायझेपामचं अर्धायुष्य लोराझेपामपेक्षा मोठं. तरी थांबता न थांबणाऱ्या फिट्समध्ये शिरेतून दिल्यावर लोराझेपामचा परिणाम जास्त टिकतो असं शिकवतात. हे उलटं नाही का?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर उमगलं की बाकीचं निम्मं आपोआप सुटतं.

शिरेतून दिलेलं डायझेपाम मिनिटभरात मेंदूत पोहोचतं, कारण मेंदूला रक्त भरपूर आणि औषध चरबीत विरघळणारं. पण अंगातली खरी चरबी पोटावर, मांड्यांवर, त्वचेखाली असते. तिथे रक्त हळू पोहोचतं, मात्र साठवायला जागा अफाट. मग रक्तातलं औषध हळूहळू तिकडे ओढलं जातं, रक्तात कमी झालं की मेंदूतलं औषध परत रक्तात उतरतं, आणि साधारण अर्ध्या तासात मेंदू मोकळा होऊ लागतो. यकृताने अजून काही केलेलं नसतं, लघवीतून काही गेलेलं नसतं. औषध फक्त खोली बदलून बसलेलं असतं. दुसरं घड्याळ, गुंगीचं, बंद पडलेलं, तिसरं मात्र अजून कित्येक दिवस चालणार.

लोराझेपाम चरबीत तितकं रमत नाही. ते मेंदूत थोडं सावकाश शिरतं, पण तिथून पळतही नाही. म्हणून अर्धायुष्य छोटं असूनही त्याचा बचाव बारा तासांपर्यंत पुरू शकतो.

हा नियम एका डोसाचा. रोज डोस चालू राहिला की चरबीचं कोठार भरत जातं, सरकायला जागा उरत नाही, आणि मग खरंच अर्धायुष्यावर गोष्टी ठरू लागतात (प्रश्न १३).

१२. यकृत गोळीचं नेमकं काय करतं?

चरबीत विरघळणारं औषध मूत्रपिंडाने गाळलं तरी त्याच्या नलिकांमधून ते परत रक्तात झिरपतं. त्याला बाहेर घालवायचं तर पाण्यात विरघळेल असं करावं लागतं, आणि ते काम मुख्यतः यकृताचं.

ते दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात सायटोक्रोम पी-४५० कुळातली एन्झाइमं रेणूचा एखादा तुकडा तोडतात किंवा त्यावर ऑक्सिजन बसवतात. झोपेच्या गोळ्यांसाठी त्यांतली सीवायपी-३ए४ आणि सीवायपी-२सी१९ ही दोन महत्त्वाची. दुसऱ्या टप्प्यात त्या रेणूला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडतात, आणि मग तो लघवीतून सुखाने निघून जातो.

डायझेपामची वाट पाहा. त्याचा एक मिथाइल गट तुटतो आणि नॉरडायझेपाम बनतं. त्यावर हायड्रॉक्सिल बसला की ऑक्साझेपाम. किंवा आधी हायड्रॉक्सिल बसून टेमाझेपाम, मग मिथाइल तुटून तेच ऑक्साझेपाम. शेवटी ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडलं की खेळ संपला. मधले तिघेही कामाचे आहेत, ऑक्साझेपाम आणि टेमाझेपाम तर स्वतंत्र औषधं म्हणूनही विकली जातात. तेव्हा ‘यकृताने औषध मोडलं’ म्हणजे ते निकामी झालं असं समजू नका. कधी कधी मोडून बनलेलं मूळ औषधापेक्षा जास्त दिवस ठाण मांडतं.

उलट लोराझेपाम, ऑक्साझेपाम, टेमाझेपाम यांना मुख्यतः दुसराच टप्पा लागतो. क्लोनाझेपामचा नायट्रो गट बदलून जे बनतं ते निष्क्रिय. फेनोबार्बिटालचा सुमारे चौथा हिस्सा तर न बदलताच लघवीत जातो, म्हणून त्याच्या विषबाधेत लघवी अल्कधर्मी करून तो वेग वाढवता येतो.

१३. आईला रोज रात्री तीच गोळी, तोच डोस. पहिला आठवडा छान गेला, तिसऱ्या आठवड्यात ती दिवसभर पेंगते, तोल जातो. डोस वाढवलेला नाही, मग?

डोस तोच, साठा वाढला. हिशेब मांडून पाहू. औषधाचं अर्धायुष्य ४८ तास आणि डोस रोज १० मिलिग्रॅम. दुसऱ्या रात्री आधीचे सुमारे ७ मिलिग्रॅम शिल्लक असतात, त्यात १० पडले की १७. तिसऱ्या रात्री २२. असं चढत चढत दहा दिवसांच्या आसपास आकडा ३४ च्या जवळ स्थिरावतो. म्हणजे प्रत्येक रात्री गोळी घेतल्यावर अंगात पहिल्या रात्रीच्या सव्वातीन-साडेतीनपट औषध. नॉरडायझेपामसारखं सक्रिय अपत्य असेल तर त्याचा साठा वेगळाच, आणि त्याला स्थिरावायला दोन-तीन आठवडे लागतात. तुमचा तिसरा आठवडा इथे बसतो.

वय यात भर घालतं. उतारवयात अंगातलं पाणी आणि स्नायू घटतात, चरबीचं प्रमाण वाढतं, यकृताचा पहिला टप्पा मंदावतो. डायझेपामचं अर्धायुष्य विशीत साधारण वीस तास, ऐंशीत ऐंशी-नव्वद तास, म्हणजे ढोबळमानाने वयाएवढे तास. त्यात म्हातारा मेंदू तेवढ्याच औषधाला जास्त दबतो. म्हातारपणी खुबा मोडणं हे छोटं दुखणं नाही. ‘वयामुळे आई विसरभोळी झाली’ असं ठरवण्याआधी कृपा करून तिच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. चूक आईची नसते, हिशेब कुणी मांडलेला नसतो.

१४. यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलं असेल तर?

सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होतं त्या आजारात, पहिला टप्पा आधी कोलमडतो, दुसरा बराच काळ तग धरतो. म्हणून अगदी गरज पडलीच तर लोराझेपाम, ऑक्साझेपाम, टेमाझेपाम या तिघांपैकी एकाकडे डॉक्टर वळतात. शिवाय डायझेपाम रक्तातल्या प्रथिनांना ९८ टक्क्यांच्या आसपास चिकटलेलं असतं. त्यातलं मुख्य प्रथिन अल्ब्युमिन घटलं की मोकळं, म्हणजे काम करणारं औषध वाढतं. यकृताच्या आजाराने मेंदूवर आधीच परिणाम होत असेल, तर थोडीशी शामक गोळीही रुग्णाला बेशुद्धीकडे ढकलू शकते.

मूत्रपिंडाचा एक अपवाद लक्षात ठेवा. अतिदक्षता विभागात मिडाझोलाम दिवसेंदिवस चालू असेल आणि मूत्रपिंड निकामी असेल, तर त्याचं ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडलेलं रूप साठतं, आणि ते पूर्ण निष्क्रिय नसतं. औषध बंद करूनही रुग्ण का उठत नाही, या प्रश्नाचं उत्तर कधी कधी इथे सापडतं.

१५. दुसऱ्या औषधांनी किंवा खाण्याने फरक पडतो का?

पडतो, दोन्ही दिशांनी. सीवायपी-३ए४ ला अडवणारी औषधं, जसं क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल, रिटोनाव्हिर, ही सुरू झाली की मिडाझोलाम, ट्रायझोलाम, अल्प्राझोलाम रक्तात साचतात. ग्रेपफ्रूटचा रस आतड्याच्या भिंतीतलं हेच एन्झाइम निकामी करतो, म्हणून त्याचा त्रास तोंडाने घेतलेल्या औषधाला होतो, शिरेतून दिलेल्याला नाही. ओमेप्राझोल सीवायपी-२सी१९ ला अडवतं आणि डायझेपाम रेंगाळतं. फ्लुव्होक्सामिनसोबत रॅमेल्टिऑन घ्यायचंच नसतं.

उलट बाजूला रिफाम्पिसिन, कार्बामाझेपिन, फेनिटोइन आणि स्वतः फेनोबार्बिटाल. ही यकृताला जास्त एन्झाइम बनवायला लावतात आणि गोळी बेअसर वाटू लागते. मग डोस वाढवला जातो. पुढे रिफाम्पिसिनचा कोर्स संपतो, दोनेक आठवड्यांत एन्झाइम मूळपदावर येतात, आणि तोच वाढवलेला डोस आता जड पडतो. औषध सुरू करताना सगळे जपतात, दुसरं औषध बंद होताना कुणाचं लक्ष नसतं.

१६. दारू थोडीच घेतली आणि गोळी नेहमीचीच. चालेल ना?

चालणार नाही. दारूही गाबा-ए वर चालते, आणि ग्लुटामेटलाही दाबते. बेंझोडायझेपिनला जी स्वतःची मर्यादा आहे (प्रश्न ३), ती दारूच्या सोबतीत मोडते. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन यांसारख्या ओपिऑइड वेदनाशामकांचंही तेच. ती मेंदूतलं श्वासाचं केंद्र वेगळ्या वाटेने दाबतात, आणि दोन दाब एकत्र आले की झोपेतच श्वास थांबतो. झोपेत श्वास अडण्याचा आजार असलेल्यांनी हे दुप्पट गंभीरपणे घ्यावं.

१७. आधी अर्ध्या गोळीत झोप यायची, आता एक पुरत नाही. शरीर औषध लवकर मोडायला लागलं का?

बार्बिट्युरेट असेल तर अंशतः हो, कारण ती स्वतःचंच एन्झाइम वाढवतात. बेंझोडायझेपिनमध्ये मात्र रक्तातलं प्रमाण तेवढंच असतं, बदलतो मेंदू. औषधाची जागा आणि नळी यांचा दुवा सैल पडतो, काही रिसेप्टरची प्रथिनं बदलतात, दुसरीकडे ग्लुटामेटची बाजू जोर धरते. झोपेचा परिणाम काही आठवड्यांत विरतो, चिंतेवरचा जास्त टिकतो, आणि स्मरणशक्तीवरचा दुष्परिणाम फारसा विरत नाही. झोप येईनाशी झाली म्हणून डोस वाढवला की विस्मरण आणि तोल जाणं तेवढं वाढतं, ते याचमुळे.

१८. मनाशी ठरवलं आणि गोळी एकदम बंद केली. चूक केली का?

काही दिवस घेतली असेल तर एखाद-दोन रात्री झोप उडेल, एवढंच. पण अनेक आठवडे किंवा महिने रोज घेतली असेल तर हो, हे धोक्याचं आहे. मेंदूने औषध गृहीत धरून पेटवणारी बाजू वाढवून ठेवलेली असते. औषध एकदम काढलं की तोल तिकडे झुकतो. झोप उडते, हात थरथरतात, घाम, धडधड, आवाज आणि उजेड सहन न होणं, आणि काहींना फिट्स. छोट्या अर्धायुष्याच्या औषधात हे दुसऱ्याच दिवशी दिसतं, लांब अर्धायुष्याच्या औषधात आठवडाभराने, तेव्हा गोळीशी संबंधही लावला जात नाही.

म्हणून उतरायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीत, दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करत. कधी कधी आधी डायझेपामवर नेतात. प्रश्न १३ मध्ये आईला त्रास देणारी तीच लांब शेपटी इथे उपयोगी पडते, कारण औषध स्वतःच हळूहळू उतरतं. तुम्ही आत्ताच बंद केली असेल आणि वरचं काही जाणवत असेल, तर आजच डॉक्टरांना गाठा. हा इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

१९. बायकांना झोल्पिडेमचा डोस कमी का सांगतात?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. १० मिलिग्रॅम घेतल्यानंतर आठ तासांनीही सुमारे १५ टक्के स्त्रियांच्या रक्तात गाडी चालवण्यावर परिणाम होईल इतकं औषध होतं, पुरुषांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के. हे औषध दोन दशकांपासून वापरात होतं, आणि तोवर दोघांना एकच डोस सांगितला जात होता. मला याची चीड येते, ती लपवत नाही. वंशपरंपरेनेही फरक पडतो. काही जणांत सीवायपी-२सी१९ जन्मतःच निष्क्रिय असतं, त्यांच्यात डायझेपाम रेंगाळतं.

२०. शांत व्हायला औषध दिलं आणि आजोबा उलट चवताळले. औषध चुकीचं होतं का?

बहुधा नाही. लहान मुलं आणि वयस्कर यांच्यात क्वचित असा विरुद्ध परिणाम दिसतो. आवर घालणारा मेंदूचा भागच आधी सुस्तावतो आणि बाकीचं मोकाट सुटतं, अशी त्याची एक उपपत्ती आहे. आणखी डोस देऊन ते शमवायला जाऊ नये. नोंद करून ठेवा आणि पुढच्या वेळी भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा.

२१. गरोदर असताना किंवा अंगावर पाजताना?

ही औषधं वार ओलांडून बाळात जातात आणि दुधातही उतरतात. प्रसूतीच्या सुमारास घेतलेल्या औषधाने बाळ मलूल जन्मू शकतं, ओढत नाही, श्वास कमी पडतो. नवजात बाळाच्या यकृतात ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडण्याची शक्ती अजून यायची असते, म्हणून मोठ्यांसाठी ‘सोपी’ ठरणारी औषधंही त्याला जड. आणि एक विलक्षण अपवाद : अगदी कोवळ्या मेंदूपेशींत क्लोराइड आधीच भरलेलं असतं, त्यामुळे गाबाने नळी उघडली की ते बाहेर धावतं आणि पेशी शांत होण्याऐवजी पेटू शकते. प्रश्न २ मधलं सगळं चित्र तिथे उलटं होतं. तरीही गरोदर असल्याचं कळताच गोळी एकदम थांबवू नका, प्रश्न १८ इथेही लागू आहे.

२२. लघवीच्या तपासणीत गोळी दिसते का?

नेहमीच्या झटपट तपासण्या ऑक्साझेपाम, नॉरडायझेपाम यांना ओळखण्यासाठी बांधलेल्या असतात. डायझेपाम सापडतं, क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम निसटू शकतात, झोल्पिडेम तर त्या तपासणीत येतच नाही. आणि प्रश्न १२ मधल्या वाटेमुळे, ज्याने कधी ऑक्साझेपाम पाहिलंही नाही त्याच्या लघवीत ते सापडतं. अहवालावरून कुणाला खोटं ठरवण्याआधी नेमकी तपासणी करून घ्या.

२३. गोळी जास्त झाली तर उतारा आहे ना? मग भीती कशाची?

फ्लुमाझेनिल आहे. बेंझोडायझेपिनच्याच जागेवर ते बसतं आणि त्याला हुसकावतं. झोल्पिडेमवरही चालतं. दारूवर नाही, बार्बिट्युरेटवर नाही, कारण त्यांची बसायची जागाच वेगळी. जो रोज गोळी घेतो त्याला ते दिलं तर प्रश्न १८ मधली सगळी लक्षणं काही मिनिटांत, एकदम, फिट्ससह उसळू शकतात. नैराश्यावरच्या ट्रायसायक्लिक गोळ्याही सोबत घेतल्या असतील तर तो धोका आणखी मोठा. म्हणून ते सरसकट देत नाहीत. श्वास सांभाळणं हाच मुख्य उपचार.

दिलंच तर ते मिनिट-दोन मिनिटांत काम करतं. रुग्ण डोळे उघडतो, नाव सांगतो, आपण कुठे आहोत विचारतो. नातेवाईकांचा जीव भांड्यात पडतो आणि ते घरी न्यायची घाई करतात. पण फ्लुमाझेनिलचं अर्धायुष्य तासाभराचं, गिळलेल्या डायझेपामचं दिवसांचं. तास-दीड तासाने उतारा ओसरतो, मूळ औषध जागेवरच असतं आणि रुग्ण पुन्हा गुंगीत जातो. म्हणून बोलत्या-चालत्या रुग्णाच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप तशीच ठेवून परिचारिका दर थोड्या वेळाने येऊन त्याचे श्वास मोजत राहते. तिला ते करू द्या.